दुर्मिळ आहे म्हणूनच नको

समुद्रातला एखादा प्राणी दुर्मिळ आहे, म्हणून तो आपल्या हॉलमध्ये हवा. या वाक्यात काहीतरी भयंकर चुकतंय, पण ते इतक्या सहज बोललं जातं की कुणाला खटकतच नाही. मला खटकतं. आणि सध्या घरातल्याच माणसांशी या विषयावरून वाजलंय, तेव्हा फोनवर तुकड्या-तुकड्यात भांडण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर दिवाळीत भेटू तेव्हा भांडू.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दौंडचा आमचा धाकटा मावसभाऊ नव्या घरात सहा फुटी टँक बसवतोय. साधा नाही, रीफ टँक. म्हणजे खारं पाणी, जिवंत प्रवाळ, त्यात फिरणारे समुद्री मासे, थोडक्यात एक छोटा समुद्रच. इथपर्यंत उत्तम. पण त्याला कुणीतरी भेटलाय जो 'बाहेरून' माल आणून देतो. इंडोनेशियाचे प्रवाळ, जायंट क्लॅम (तो निळ्या-हिरव्या ओठांचा मोठा शिंपला), समुद्री घोड्यांची जोडी, आणि एक-दोन मासे असे की 'जे अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणाकडे नाहीत'. पूर्ण खोकं भरलं तर परवडतं, म्हणून निम्मं मी घ्यावं असा प्रस्ताव आला. मी नाही म्हणालो. लगेच मावशीचा फोन. "तू स्वतः मासे पाळतोस आणि त्याने पाळले की तुला पाप वाटतं होय रे?"

मावशीचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेतो. होय, मी पाळतो. शिरूरला माझ्या घरात साडेतीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक गेली नऊ वर्षं चालू आहे. घोडनदीच्या गावात समुद्र, म्हणून लोक हसतात, हसू देत. त्यात क्लाउनफिशची एक जोडी आहे, दोघंही हॅचरीत जन्मलेले. त्यामुळे छंदाच्या विरोधात बोलायचा प्रश्नच येत नाही. उलट छंदाची बाजू घेऊनच मी भांडतोय. माझं भांडण त्या 'जिल्ह्यात कुणाकडे नाही' या तीन शब्दांशी आहे.

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे, म्हणजे गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश वगैरे, बहुतेक सगळे तळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात. गप्पी विकत घेतला म्हणून कुठली नदी रिकामी होत नाही. खाऱ्या पाण्याचं गणित बरोबर उलटं आहे. तिथले बहुतेक मासे अजूनही थेट समुद्रातून पकडलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २००३ चा एक अहवाल आहे. त्यात या व्यापाराचा अंदाज दिला होता तो वर्षाला २ ते २.४ कोटी मासे, सुमारे १,४७१ जातींचे, आणि शिवाय १.१ ते १.२ कोटी प्रवाळाचे तुकडे. हे सगळं कशासाठी? तर लोकांच्या हॉलसाठी आणि दवाखान्यांच्या वेटिंग रूमसाठी.

पकडतात कसे, तेही ऐका. जाळ्याने पकडणारे प्रामाणिक कोळी आहेतच. पण फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइडची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे इंडोनेशियात पसरली. सोडियम सायनाइड पाण्यात विरघळवून बाटलीत भरायचं, पाण्याखाली जायचं आणि प्रवाळाच्या फटीत फवारायचं. मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. ज्या प्रवाळावर फवारलं तो मरतो. आणि गुंगलेला मासा शुद्धीवर येतो खरा, पण आतून खचलेला असतो. खाता-पिता दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी कारण न कळता पोट वर करून तरंगतो. आपण म्हणतो, "पाणी मानवलं नाही बहुतेक."

त्यानंतरचा प्रवास. पकडणारा, मधला दलाल, निर्यातदार, विमान, आयातदार, दुकान, आणि मग आपण. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडंसं पाणी, वर ऑक्सिजन, बाहेर थर्मोकोलचं खोकं. पिशवी घाण होऊ नये म्हणून आधी उपाशी ठेवतात. तास जातात तसं पाण्यात अमोनिया वाढतो. या साखळीत किती मरतात याचा हिशेब ग्राहकाला कधी कुणी देत नाही. आपल्याला दिसतो तो एक जगलेला मासा. त्याच्या किमतीत न जगलेल्यांची किंमत घातलेली असते एवढंच.

आता 'दुर्मिळ' या शब्दाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

इंडोनेशियात सुलावेसीजवळ बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. तिथे काळ्या पट्ट्यांचा, चांदीच्या अंगाचा एक देखणा मासा राहतो, बांगाई कार्डिनल. याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाप काही खात नाही. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात आणि दुसरीकडे वस्ती करतात. याची पिल्लं तशी वाहत जात नाहीत, बापाच्या तोंडातून निघतात ती तिथल्याच काटेरी समुद्री अर्चिनांच्या आडोशाला राहतात. म्हणून हा मासा जगात नैसर्गिकरीत्या त्या एवढ्याशा बेटांभोवतीच सापडतो. १९९० च्या दशकात छंदवाल्यांना तो 'नवीन' सापडला, आणि या शतकाच्या सुरुवातीला त्याची पकड वर्षाला सात ते नऊ लाखांच्या घरात गेली. २००७ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदला गेला. म्हणजे छंदवाल्यांच्या आवडीमुळे मासा संपत आला. तिरस्काराने नव्हे, आवडीने! आणि गंमत अशी की हाच मासा घरच्या टँकमध्ये अगदी सहज पिल्लं देतो. समुद्रातून आणायची काही गरजच नव्हती.

दुसरं उदाहरण पेपरमिंट एंजलचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मासा पॅसिफिकमधल्या कुक बेटांजवळ ५० मीटरहून खोल पाण्यात राहतो. विज्ञानाने त्याला नाव दिलं ते १९९२ मध्ये. इतक्या खोल जायचं तर साध्या हवेची टाकी पुरत नाही, खास वायूंचं मिश्रण लागतं आणि जीव मुठीत धरून जावं लागतं. मासा वर आणताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, म्हणून त्याला टप्प्याटप्प्याने वर आणतात किंवा सुईने ती हवा काढतात. होनोलुलूच्या वाईकीकी मत्स्यालयातल्या अशा एका माशाची किंमत ३०,००० डॉलर सांगितली जाते. आता मला सांगा, हे तीस हजार कशाचे? रंगाचे? लाल-पांढरे पट्टे तर आपल्या साध्या क्लीनर श्रिंपलाही असतात. हे पैसे 'माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही' याचे आहेत.

म्हणून मी म्हणतो की दुर्मिळ प्राण्याचा ग्राहक प्राणी विकत घेतच नाही. तो दुर्मिळपणा विकत घेतो. आणि हा एकच माल असा आहे की जो जितका विकला जाईल तितका वाढत जातो. कांदा विकला की कमी होतो. दुर्मिळपणा विकला की मासे कमी होतात, आणि दुर्मिळपणा वाढतो! शिरूर-दौंडच्या कांदा पिकवणाऱ्या माणसाला हा हिशेब समजावून सांगायला नको.

आता कायदा. दौंडला बोलताना मला सांगण्यात आलं, "आपल्याकडचे नाहीत ना, परदेशातले आहेत, त्यांना कुठला कायदा?" चुकीचं आहे. २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळाच्या झाडून सगळ्या जाती आहेत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोड्यांचं अख्खं कुळ आणि जायंट क्लॅमच्या दोन जातीही आहेत. पहिली अनुसूची म्हणजे ज्यात वाघ आहे ती. दगडी प्रवाळाचा तुकडा परदेशातून आला म्हणून त्या यादीतून सुटत नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात. त्यावर आंतरराष्ट्रीय साइट्स करार आहे. त्यात दगडी प्रवाळ, जायंट क्लॅम आणि समुद्री घोडे हे तिन्ही दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत. आपल्या कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे साइट्सच्या यादीतले जिवंत विदेशी प्राणी बाळगणाऱ्याने सरकारदरबारी नोंद करायची आहे. ही खोकीवाली मंडळी यातलं काही सांगत नाहीत. ती फक्त "सगळं मॅनेज होतं" एवढंच सांगतात. मॅनेज झालं नाही तर वनखात्याच्या नोटिशीवर नाव त्यांचं नसतं, ज्याच्या हॉलमध्ये टँक आहे त्याचं असतं. वहिनी, हे वाक्य तुमच्यासाठी आहे, तो वाचून सोडून देईल.

जाता जाता, मालवणहून आणलेला पांढरा प्रवाळ आपल्यापैकी किती जणांच्या शोकेसमध्ये आहे? तोही त्याच यादीत येतो बरं का. आपल्या लोकांना पोवळं माहीत आहे ते अंगठीतलं. ते भूमध्य समुद्रातून शतकानुशतकं येतंय, तेव्हा परदेशातून समुद्री जीव मागवायची हौस काही आजची नाही. पण पोवळं हा खडा नव्हे, प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे, हे किती जणांना माहीत असतं? रीफचा दगडी प्रवाळही तसाच, हजारो छोट्या जीवांनी मिळून बांधलेला. त्यातले कित्येक वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. छिन्नीने तोडायला अर्धा मिनिट लागतं.

इथे समोरून एक मुद्दा येतो आणि तो मला खरंच भिडतो. "सरकार समुद्रात भराव टाकून रस्ते करतं ते चालतं, आणि माझा एक बोटभर प्रवाळ चालत नाही?" राग अगदी बरोबर आहे. मुंबईचा कोस्टल रोड करताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती सापडल्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरसुद्धा भरत नव्हत्या. पण पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये त्या उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. आता याच्याकडे दोन तऱ्हेने बघता येतं. एक, एवढा मोठा किनारा बदलून टाकला आणि अर्धा मीटर प्रवाळ हलवून पुण्य पदरात घेतलं. मलाही तसंच वाटतं. पण दुसरं असं की एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही त्या तळहाताएवढ्या जिवांपाशी थांबून परवानगी मागावी लागली. कायद्याचा जो काही धाक उरलाय तो हा एवढाच. तोही दौंडच्या हॉलमध्ये मोडीत काढायचा? मोठा चोर सुटतो म्हणून आपण घराला कुलूप लावायचं सोडत नाही.

दुसरा मुद्दा जास्त गोड आहे. "तिकडे समुद्र तापतोय, प्रवाळ मरतातच आहेत, निदान माझ्याकडे तरी जगतील. मी वाचवतोय." समुद्र तापतोय हे खरं आहे. १९९८, २०१०, २०१६, प्रत्येक वेळी आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. पण वाचवणं म्हणजे काय याचा तरी विचार करा. आग लागलेल्या घरातून माणूस बाहेर काढणं वेगळं, आणि घराला आग लागलीच आहे म्हणून कपाटातले दागिने काढून आणणं वेगळं. आपण आणलेला प्रवाळ पुन्हा कधी समुद्रात जाणार आहे का? त्याची वाढ आपण कुणाला देणार आहोत का? नाही. मग त्याला वाचवणं म्हणू नका, संग्रह म्हणा. शब्द तरी स्वच्छ ठेवू.

आणि वाचवायची जागा तरी कुठली निवडली आपण? दौंड! मी दौंडला नावं ठेवत नाही. तिथल्या जंक्शनवर लहानपणी आजोबांबरोबर तासन् तास गाड्या बघितल्यात. पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि प्रवाळाला पाणी लागतं २५-२६ अंश. म्हणजे चिलर चोवीस तास. लाइट गेली की पंप बंद, चिलर बंद, आणि काही तासांत पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो. इन्व्हर्टर घराचे पंखे चालवतो, समुद्र चालवत नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. सहा फुटी टँकला धरून चालू सहाशे लिटर. बोअरचं पाणी चालत नाही, आरओचंच लागतं. साध्या आरओमधून एक लिटर चांगलं पाणी मिळवायला तीनेक लिटर पाणी मोरीत जातं. म्हणजे एक टँक भरायला अठराशे लिटर वाया, वर दर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे एकवीस किलो मीठ. दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा, शिवाय उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर वाफ होऊन जातं ते भरायचं. आमच्याच तालुक्यात केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईकडे उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. मी माझ्या आरओचं फेकायचं पाणी फरशी पुसायला आणि संडासाला वापरतो, म्हणून मला फार बोलायचा हक्क मिळतो असं नाही. पण साडेतीन फुटाचा हिशेब माझ्या अंगावर येतो, तर सहा फुटाचा किती यावा!

'बाहेरून आणलेलं भारी' या वेडाचा अनुभव खरं तर भीमाकाठच्या माणसाला नवा नाही. उजनीत जाळं टाका, चिलापीच निघते. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली. तो निदान सरकारी निर्णय होता. थाई मांगूर आठवतो का? त्याच्यावर २००० साली देशभर बंदी आली, कारण तो आपले देशी मासे खाऊन फस्त करतो. तरी उजनीच्या काठावर इंदापूर-दौंड पट्ट्यात तो चोरून पाळला गेला आणि मत्स्यविभागाला छापे टाकून तळीच्या तळी नष्ट करावी लागली. सुरुवात तिथेही अशीच झाली असणार. कुणीतरी भेटला, म्हणाला लवकर वाढतो, कुणाला कळतंय, सगळं मॅनेज होतं.

आता कुणी म्हणेल, समुद्री मासा भीमेत थोडाच जगणार आहे? नाही जगणार, गोड्या पाण्यात तासाभरात मरेल. तो धोका मी उगाच दाखवत नाही. पण जिथे समुद्र जवळ आहे तिथे काय झालं ते बघा. लायनफिश हा हिंद आणि प्रशांत महासागरातला विषारी काट्यांचा मासा. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणाच्या तरी टँकमधून सोडलेला. आज कॅरिबियन समुद्रभर तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतोय आणि लोक भाले घेऊन त्याच्या मागे लागलेत. टँक कंटाळा आला की रिकामा होतो, आणि तो कुठे रिकामा होतो हे आपल्या हातात राहत नाही.

बरं, मग करायचं काय? नुसतं 'नको' म्हणणाऱ्या माणसाला लोक घरात घेत नाहीत, तेव्हा 'काय हवं' तेही सांगतो.

क्लाउनफिशची मजा सांगतो. 'फाइंडिंग निमो' २००३ चा, सगळ्यांनी बघितलाय. पण खऱ्या निमोची गोष्ट पिक्चरमध्ये सांगितलीच नाही. क्लाउनफिश जन्मतात तेव्हा त्यांच्यातली एकही मादी नसते. गटात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. मादी मेली की तिचा नर मादी होतो. म्हणजे निमोची आई गेल्यावर खरं तर त्याच्या बाबांची आई व्हायला हवी होती. :) छंदवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की कुठलीही दोन पिल्लं एकत्र वाढवा, जोडी जमतेच. अंडी घालतात ती दगडावर किंवा साध्या कौलाच्या तुकड्यावर. नर पंख्याने वारा घालावा तसा पाणी हलवत बसतो. आठ-नऊ दिवसांनी अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात, आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते. केसाएवढी पिल्लं, त्यांना खायला डोळ्यांना जेमतेम दिसणारे रोटिफर लागतात, आणि रोटिफरला खायला हिरवं पाणी. ते सगळं आपण वाढवायचं. माझ्याकडे आजवर सत्तावीस पिल्लं मोठी झाली. सत्तावीस! नऊ वर्षांत. मला कुणी त्या पेपरमिंटवाल्यासमोर उभं केलं तर मी खाली मान घालणार नाही.

हे काही माझं एकट्याचं वेड नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून कितीतरी वर्षं झाली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिथल्या बायकांना क्लाउनफिश आणि शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं. आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने याच ब्यूरोच्या मदतीने समुद्री शोभेच्या माशांची हॅचरी उभी केली. परदेशातही बघा, पिवळा टँग २०१५ मध्ये हवाईत आणि निळा टँग (पिक्चरमधली डोरी) २०१६ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा माणसाच्या हाताखाली वाढला. लोक म्हणत होते हे होणारच नाही. छंदाचा अभिमान वाटावा तर याचा.

आणि आपण तर पाबळच्या तालुक्यातली माणसं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, हाताने करून शिका म्हणून. त्या मातीतल्या माणसाने विज्ञान हाताने करायचं की खोकं फोडून घ्यायचं?

माझा नियम साधा आहे. जो प्राणी माणसाच्या हाताखाली पैदा होतो आणि ज्याचे कागद विकणारा दाखवू शकतो, तो घ्यायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही, मग तो कितीही सुंदर असो, कितीही स्वस्त असो, खोक्यात एक जागा शिल्लक असो नाहीतर दहा. मावसभावाला माझ्या सत्तावीसांतली एक जोडी मी कधीही द्यायला तयार आहे, रोटिफरच्या विरजणासकट. पण खोक्यात निम्मा मी नाही.

मुलांना समुद्र दाखवायचाय म्हणता? तारापोरवाला आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, १९५१ पासूनचं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे, हे दुर्दैव. पण मालवण आहे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं बुडवलं तर प्रवाळ दिसतात, आपलेच, फुकट. फक्त त्यांच्यावर पाय ठेवू नका. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात, आंग्रिया बँक नावाचं एक बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. वीसेक मीटर खाली प्रवाळाचं रानच्या रान. आपल्यातल्या किती जणांना इंडोनेशियाच्या प्रवाळांची नावं पाठ आहेत आणि आंग्रियाचं नाव ऐकून माहीत नाही!

हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी येतात. दौंडपासून जेमतेम पाऊण तास. आपण पहाटे उठून जातो, होडीत बसतो, लांबून बघतो, परत येऊन चार लोकांना सांगतो. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला मोर अंगणात येऊन दाणे टिपतात, गावाने एकही पिंजरा केलेला नाही, आणि त्याचंच गावाला नाव झालं. एक रोहित हॉलमध्ये आणून ठेवू, असं आजवर आपल्यातलं कुणी म्हणालेलं नाही. मग समुद्रातल्या जिवाबद्दलच ते कसं सुचतं? तो पाण्याखाली असतो आणि ओरडत नाही, एवढंच ना कारण?